जप्त केलेली पहार परत मिळण्याबाबत

जबाब

नाव : ओळखपत्रावरचे नाव वेगळ्या कागदावर दिले आहे. धक्क्यावर सगळे मला अक्का म्हणतात, तेच लिहावे.
वय : चौपन्न वर्षे
धंदा : डायव्हिंगची होडी चालवणे, सिलिंडरमध्ये हवा भरून देणे
राहणार : मासळी धक्क्याच्या मागे, बर्फाच्या कारखान्याला लागून असलेले दुमजली घर. खाली दुकान आणि कंप्रेसर, वर आम्ही.

मी आज पोलीस ठाण्यात स्वतःहून हजर होऊन सांगते की, माझा धाकटा भाऊ, वय त्रेचाळीस, धंदा डायव्हिंग शिकवणे, हा गेल्या आठवड्यात मंगळवारी बुडालेल्या लढाऊ जहाजावर बुडी मारायला गेला, तो परत आलेला नाही. त्या जहाजाच्या कुशीला जे भगदाड आहे ते येत्या सोमवारी लोखंडी पत्रा लावून कायमचे बंद करणार, असे बंदर कचेरीने मला कळवले आहे. त्याआधी माझ्या भावाला बाहेर काढायचे आहे. त्यासाठी माझ्याकडून जप्त केलेली पहार मला परत हवी आहे, म्हणून हा जबाब. माझा पहिला जबाब घटनेच्या दिवशी घाईत घेतला होता. त्यात मी जागोजाग 'मला काही कळले नाही' असे म्हटलेले दिसते. मला कळले होते, तोंडातून निघत नव्हते.

भावाला घरात आणि धक्क्यावर बारक्या म्हणतात. नाव पडले तेव्हा तो बारका होता. नंतर तो दार अडेल एवढा झाला, पण नाव काही वाढले नाही. आई तो चालायला लागला त्याच वर्षी गेली, तेव्हापासून त्याला मीच वाढवला. त्याची बायको आमच्यातच राहते. तिचे आणि माझे एरवी पटत नाही, हे मी लपवत नाही. हल्ली आम्ही दोघी एकाच खोलीत झोपतो.

सदर जहाज हे समुद्रातले सुरुंग काढणारे लहान लढाऊ जहाज असून मागच्या महायुद्धात ते बुडाले. ते तळाला डाव्या कुशीवर पडलेले आहे. आत माणसे होती आणि आहेत, त्यामुळे नौदलाच्या लेखी ती कबर आहे. बाहेरून बघायचे, आत शिरायचे नाही, काही उचलायचे नाही, असा नियम आहे. बारक्या या नियमाला पक्का होता. एकदा एका गिऱ्हाईकाने पितळेचा नट खिशात घालून वर आणला, तर बारक्याने त्याला दुसरे सिलिंडर चढवून परत खाली नेले आणि नट होता तिथे ठेवायला लावला. तेव्हा 'पितळ चोरायला आत शिरला' असे जे धक्क्यावर चालले आहे, त्याला काडीचाही आधार नाही. मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचे तोंड धरता येत नाही, पण सरकारी कागदावर तरी खरे यावे.

आमची कामाची पद्धत विचारल्यावरून सांगते की, पाण्यात बोलता येत नाही आणि त्या जागी पाणी बहुतेक गढूळ असते, म्हणून आमचे सगळे ठोक्यांवर चालते. प्रत्येक डायव्हरच्या मनगटाला एक स्टीलची कडी बांधलेली असते, ती पाठीवरच्या सिलिंडरवर आपटायची. दोन ठोके, जरा थांबून एक, म्हणजे 'मी इथे आहे, कुणी ऐकतंय का?' मी इंजिन बंद करून होडीच्या तळाच्या फळीला डावा कान लावून बसते. उजव्या कानाचा पडदा तरुणपणी पाण्यातच फाटला, तेव्हापासून मी खाली जात नाही. होडीच्या कडेला दोराने एक पहार अर्धी पाण्यात सोडलेली असते. खालून ठोका आला की मी तिच्यावर हातोड्याने एकच ठोका देते. म्हणजे 'ऐकलं.' पाण्यात आवाज कुठून आला ते कळत नाही, चारही बाजूंनी एकदम येतो. पण कुणाचा आला ते मला कळते. बारक्याचा ठोका खणखणीत आणि घाईचा. लहानपणी मधल्या भिंतीवर ठोकायचा आणि मी उलट ठोकल्याशिवाय झोपायचा नाही, तसाच.

वर निघायच्या आधी बारक्या सगळ्यांना ओळीने एकेक ठोका द्यायला लावतो, शेवटचा त्याचा स्वतःचा. शाळेतल्या हजेरीसारखे. मग तो थांबतो. मी पहारेवर ठोका दिला की मंडळी दोराला धरून वर निघतात. त्याआधी नाही. दुसऱ्या कुठल्या आवाजावर निघायचे नाही, कारण आसपास होड्या असतात, साखळ्या वाजतात, हे त्याला मीच शिकवलेले आहे.

यात आणखी एक नियम आमच्या अप्पांचा, म्हणजे वडिलांचा, आहे. होडीने ठोक्याला उत्तर दिले की तो माणूस आपला. मग तो आपले गिऱ्हाईक असो, दुसऱ्याचे असो की चोर असो, त्याला घेतल्याशिवाय कुणी वर यायचे नाही.

हा नियम कुठून आला असे हवालदारांनी विचारले. माहीत असेल ते सांगते. जहाज बुडाले तेव्हा त्याचा मागचा भाग दोन दिवस पाण्याच्या वर होता. माझे आजोबा वल्ह्याच्या होडीवर होते, माणसे उचलायला गेले होते. आतून ठोके येत होते. पत्रा कापायला कुणाकडे काही नव्हते. एका अधिकाऱ्याने सगळ्या होड्यांना सांगितले, उत्तर देऊ नका, उगाच आशा लागते. कुणी उत्तर दिले नाही. आजोबा नंतर आयुष्यभर घराचे दार उघडे ठेवून बसत, कुणाला दार वाजवायची वेळ येऊ नये म्हणून. अप्पांनी हे बघितलेले होते. म्हणून नियम.

घटनेच्या दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमारास आम्ही धक्क्यावरून निघालो. होडीत मी, बारक्या आणि दोन गिऱ्हाइके : एक दातांचे डॉक्टर, दुसऱ्या फोटो काढणाऱ्या बाई. दोघेही आधी आलेले, सरावाचे. समुद्र शांत होता, दुसरी होडी नजरेच्या टप्प्यात नव्हती. सूट चढवताना बारक्या मला म्हणाला, "अक्का, फळीवर झोपू नको हं. मागच्या वेळी घोरत होतीस, खाली मासे पळाले." मी म्हटले, "तू आधी पोट आत घे, ती चेन तुटली तर नवी मी आणणार नाही." डॉक्टर हसले. बारक्याने मास्क लावला आणि तिघे गेले. आमचे शेवटचे बोलणे पोटावरून झाले, हे मला फार लागते.

खाली सगळे नीट चालले होते. डॉक्टरांचा ठोका 'आत येऊ का' असे विचारल्यासारखा असतो, तो येत होता. फोटोवाल्या बाई ठोकायचे विसरतात आणि मग बारक्या त्यांच्या सिलिंडरवर ठोकतो, तेही झाले. वेळ संपत आली तेव्हा हजेरी झाली. डॉक्टर, बाई, बारक्या. मी उत्तर दिले. ते वर निघाले आणि नेहमीप्रमाणे पाच मीटरवर दोराला धरून थांबले. तिथे थोडा वेळ थांबावेच लागते, नाहीतर रक्तात बुडबुडे होतात.

मी फळीवरून उठणार एवढ्यात ठोके आले. दोन, आणि मग एक. मी पहारेवर ठोका दिला.

त्या वेळी मनात काय होते असे विचारल्यावरून सांगते की, काहीही नव्हते. हात आपोआप गेला. पण तो ठोका कडीचा नव्हता, सिलिंडरवरचाही नव्हता. जाड होता, आतून पत्र्यावर काहीतरी जड आपटावे तसा. हे मला ऐकतानाच कळले होते. ठोका दिल्यावर मी कडेवरून वाकून पाहिले, तर दोराशी तीन जागी बुडबुडे येत होते. तिघेही तिथेच होते. मग त्यातल्या एका जागचे बुडबुडे विरळ होत खोलवरून येऊ लागले.

डॉक्टर वर आल्यावर म्हणाले, "अहो अक्का, त्याने आम्हाला बोटाने मोजलं. एक, दोन, स्वतःकडे बोट, तीन. मग पुन्हा मोजलं. मग वर तुमच्या होडीकडे बघितलं. आम्हाला हाताने 'थांबा' केलं आणि गेला. मी त्याचा पाय धरायला गेलो, पण माझ्या हाताला लागला नाही." डॉक्टरांचा यात काही दोष नाही. बारक्याला वाटले असणार की कुणी चोरून आत शिरलेला अडकला आहे. होडीने उत्तर दिले होते, म्हणजे तो माणूस आपला झाला होता. बारक्या दुसरे काय करणार होता? माझ्या एका ठोक्याने तो खाली गेला. असे मला अजून कुणी म्हटलेले नाही, भावजयही नाही. म्हणाली असती तर बरे झाले असते.

डॉक्टर वर येईपर्यंत मी परत फळीला कान लावला होता. जाड ठोका आला, दोन आणि एक. त्याला बारक्याच्या कडीने एक ठोका दिला, 'ऐकलं.' परत जाड ठोका. परत बारक्याचा. दोघांमधले थांबणे कमी होत गेले, जवळ येत चाललेल्या माणसांच्या बोलण्यासारखे. मग जड दार ओढल्यासारखा एक लांब आवाज आला. त्यानंतर काही नाही. मी वायरलेसवर बंदर कचेरीला कळवले. माझ्या आवाजावरून त्यांना आधी थट्टा वाटली, कारण मी हसत होते म्हणे. मला आठवत नाही.

शोधपथक दुपारी आले. तीन दिवस ते आत जाऊन आले. भगदाडातून एक बोळ लागतो, त्याच्या टोकाला इंजिनरूमचे लोखंडी दार आहे. दाराबाहेर त्यांना बारक्याचे सिलिंडर सापडले. पट्टे तुटलेले नव्हते, नीट सोडलेले होते, आणि सिलिंडर भिंतीला टेकवून उभे केलेले होते. आत हवा शिल्लक होती, वर यायला पुरून उरली असती. शेजारी त्याचा मास्क होता आणि त्याचे पायातले रबरी फिन होते. दोन्ही फिन दाराकडे टोके करून, एकाला एक लावून ठेवलेले होते, कुणाच्या घरी जाताना बाहेर चपला काढाव्यात तसे. हे पथकाच्या फोटोत आहे, माझ्या मनचे नाही. कडी सापडली नाही. बारक्याही सापडला नाही.

पथकाचे प्रमुख मला म्हणाले, "बाई, त्या दाराला ऐंशी वर्षांचा गंज चढलाय. चौकट आणि दार एकजीव झालंय. तिथून उंदीरसुद्धा आत जाणार नाही." मी विचारले, मग माझा भाऊ कुठे आहे? ते म्हणाले, प्रवाह. मी म्हटले, प्रवाहाने फिन जोडीने ठेवले का? त्यावर ते माझ्याकडे न बघता टोपी झटकू लागले. माणूस वाईट नाही. त्यानंतर वरून हुकूम आला की जागा धोक्याची आहे, शोध थांबवावा आणि भगदाड बुजवावे.

शोध थांबला त्या दिवसापासून मी रोज दुपारी होडी घेऊन त्या जागी जाते आणि फळीला कान लावते. ठोके येतात. स्टीलच्या कडीचे, खणखणीत, घाईचे. दोन आणि एक. प्रमुखांना सांगितले तर म्हणाले, सुटलेला पत्रा असेल, लाटेबरोबर वाजत असेल. मी इतकी वर्षे पत्रे ऐकत आले आहे. पत्रा वाजतो आणि वाजत राहतो. ठोकून झाल्यावर उत्तराची वाट बघत थांबणारा पत्रा मी तरी ऐकलेला नाही.

या बुधवारी मी भावजयीला बरोबर नेले. तिला पाण्याची भीती आहे, लग्नाला इतकी वर्षे झाली तरी ती होडीत चढली नव्हती. ती फळीवर आडवी झाली. दोन वेळा ठोके ऐकले. मग म्हणाली, "अक्का, हेच आहेत. ताट वाढायला उशीर झाला की अशीच घाई करतात." मग आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो. मी त्या दिवशी दुकानातल्या दुसऱ्या हातोड्याने होडीच्या कडेवर ठोकून पाहिले, नांगराची साखळी पाण्यात सोडून तिच्यावर ठोकून पाहिले. उपयोग झाला नाही. खालून तेच, दोन आणि एक. पहारेच्या आवाजाशिवाय तो हलणार नाही. पहार आणि तिचा हातोडा घटनेच्या दुसऱ्या दिवशी पोलिसांनी पुरावा म्हणून जप्त केलेले असून पहार या ठाण्यात, मागच्या खोलीत, मोडक्या सायकलींच्या पलीकडे उभी आहे. येताना मी दारातून पाहिली. गंज धरू लागला आहे, तेलाचा हात मारायला हवा.

कालपासून ठोके बदलले आहेत. काल दुपारी हेच हवालदार, जे आत्ता माझा जबाब लिहून घेत आहेत, होडीचा पंचनामा करायला आले होते. मी त्यांना त्या जागी नेले. ते येईनात, म्हणाले, "अक्का, मला होडी लागते." मी म्हटले, लागू दे, सरकारी काम आहे. इंजिन बंद केले आणि त्यांना फळीला कान लावायला सांगितले. मीही शेजारी लावला. हा भाग लिहू नये असे हवालदारांचे म्हणणे होते. माझा जबाब आहे, मी लिहायला सांगितला आहे.

काल आलेले ठोके दोन आणि एक असे नव्हते. एकेक होते. आधी जाड ठोके, पत्र्यावरचे. एक झाला की दुसरा, ओळीने. काही जोरात, काही दबके, जणू हातात जोरच नाही. एक जण मध्येच चुकला, दुसऱ्याच्या ठोक्यावर ठोकून बसला. तेव्हा सगळे थांबले आणि त्याने आपला ठोका पुन्हा दिला. नवीन माणसांना बारक्या असेच करायला लावतो, न रागावता. हवालदार बोटांवर मोजत होते. दोन्ही हातांची बोटे संपली तेव्हा त्यांनी मोजणे सोडले. सगळ्यात शेवटी स्टीलच्या कडीचा एक ठोका आला, खणखणीत. मग शांत. थोड्या वेळाने परत पहिल्यापासून.

हवालदारांनी टोपी हातात घेतली, ती ठाण्यावर येईपर्यंत परत घातली नाही. त्यांनी मला विचारले, "हे काय चाललंय?" मी सांगितले, हजेरी. वर निघायच्या आधीची. सगळे तयार आहेत आणि तो माझ्या उत्तरासाठी थांबला आहे. आजवर तो कधीही माझ्या उत्तराशिवाय निघालेला नाही, आणि मी कधीही त्याला इतका वेळ ताटकळत ठेवलेले नाही. सोमवारी पत्रा लागला तर तो आतच थांबेल, कारण त्याला तसेच शिकवले आहे. एकदा त्या जहाजाला आमच्या घरच्या माणसाने उत्तर दिले नाही. पुन्हा तसे होऊ देणार नाही.

आज हवालदारांनी विचारल्यावरून सांगते की, पहार मिळाली तर मी उद्या, रविवारी, दुपारी त्या जागी जाऊन एकच ठोका देणार आहे. उत्तर दिल्यावर वर कोण येईल, असेही त्यांनी विचारले. मी सांगितले की बारक्याने आजवर एकाही माणसाला खाली ठेवलेले नाही, आणि ज्याला उत्तर गेले तो आपला. तेही त्यांनी लिहून घेतले. मग त्यांनी, होडीत किती माणसे मावतात, असे विचारले. माझ्या होडीचा परवाना बारा जणांचा आहे. मासळीवाल्यांच्या आणखी दोन होड्या मी सांगून ठेवल्या आहेत, कशाला ते त्यांना सांगितलेले नाही. बाहेर आल्यावर माणसे गारठलेली असतात. भावजयीने घरातली सगळी पांघरुणे खाली दुकानात आणून ठेवली आहेत, काही शेजाऱ्यांकडून मागून आणली. तिने आजपासून दुकानाचे दार लावलेले नाही.

माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला आणि मी तो डाव्या कानाने नीट ऐकला. मी सांगितले तसाच लिहिला आहे, काही गाळलेले नाही. वाचताना दोन ठिकाणी हवालदारांचा आवाज बसला, ती दोन्ही ठिकाणे बरोबर आहेत.

सही : अक्का

पहार ताब्यात मिळाली. हातोडाही मिळाला.

सही : अक्का